दिवा विझवता येणं: कोपरच्या एका रोषणाईच्या झाडाची समीक्षा



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं आणि विचारलं, "रोषणाईची समीक्षा? म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, कवितासंग्रहाची होते. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जेवढी माणसं जमतात, तेवढी एखाद्या नाटकाला वर्षभरात मिळत नाहीत. ती सगळी माणसं रोषणाई बघतात आणि घरी जाताना एकच शब्द बोलतात, "भारी." फार तर "यंदा लाइटिंग कमी वाटली." बस, संपली समीक्षा. (हशा)

जी गोष्ट एवढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर महिना-दीड महिना असते, तिच्याबद्दल बोलायला आपल्याकडे दोनच शब्द असावेत, हे मला बरोबर वाटत नाही. म्हणून आज मी एकच रोषणाई घेणार आहे. कोपर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरच्या एका सोसायटीत उभं राहिलेलं दिव्यांचं झाड. वसुबारसेला लागलं, एक जानेवारीच्या रात्री उतरवलं. मी त्याच सोसायटीत राहतो, तेव्हा पूर्णपणे तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

दिवाळीपासून नाताळपर्यंत का, असंही कुणी विचारलं. तुम्हाला कोपर स्टेशन माहीत आहे. खाली कल्याणची लाइन, आणि तिच्या डोक्यावरून आडवी जाणारी दिवा-वसईची लाइन. वरच्या फलाटावरून गाडी पकडली की भिवंडी, खारबाव, कामण करत आपण वसईला उतरतो. तिथला ख्रिस्ती समाज मराठीच बोलतो, आणि सणाला नाताळच म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि मराठी होऊन गेला. आमच्या सोसायटीत वसईकडची दोन घरं आहेत. त्यांनी वर्गणी देताना सरळ सांगितलं, "झाड करताय ना? मग ते नाताळपर्यंत ठेवा." ठेवलं.

आता आधी वस्तू काय आहे ते बघू. वीस फुटी लोखंडी पाइप उभा केलेला, तळाशी काँक्रीट, चारी बाजूंना तारेचे ताण. वरच्या टोकापासून खालच्या गोल कड्यापर्यंत सोळा माळा सोडलेल्या. एका माळेत पन्नास दिवे. सोळा गुणिले पन्नास, आठशे. लांबून बघितलं की शंकूच्या आकाराचं झाड दिसतं.

हे दिवे आपल्या नेहमीच्या तोरणातले नाहीत. लोहार चाळीत दुकानदार यांना पिक्सेल लाइट म्हणतात. मुलं म्हणतात ॲड्रेसेबल एलईडी, म्हणजे पत्ता असलेला दिवा. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारके दिवे आणि एक चिप. यातल्या कुठल्याही दिव्याला वेगळा निरोप धाडता येतो.

पण गंमत अशी की या दिव्याच्या पोटात पत्ता वगैरे काही लिहिलेला नसतो. डब्ल्यूएस २८११ नावाची जी चिप सर्रास वापरतात, तिचं काम पंगतीसारखं चालतं. कंट्रोलरकडून सगळ्या दिव्यांचा निरोप एकाच तारेतून पहिल्या दिव्याकडे येतो. तो आपल्या वाट्याचे पहिले चोवीस बिट काढून घेतो, प्रत्येक रंगाला आठ, आणि उरलेलं ताट पुढे सरकवतो. दुसरा आपला घास घेतो, पुढे सरकवतो. तुमचा पत्ता म्हणजे पंगतीतली तुमची जागा. मधलाच एक दिवा गेला की पुढच्या सगळ्यांचं जेवण बंद. एका दिव्याला साधारण तीस मायक्रोसेकंद लागतात. आठशे दिवे एकाच रांगेत जोडले तर चोवीस मिलिसेकंद. म्हणजे अख्खं झाड सेकंदाला चाळीस वेळा नवं रूप घेऊ शकतं. सिनेमाची फिल्म चोवीस वेळाच बदलते.

पंगतीचंच पुढे चालवायचं तर विजेची गोष्ट वरणासारखी आहे. पाच व्होल्टच्या माळेला एकाच टोकाकडून वीज दिली, तर शेवटच्या पानापर्यंत वरण पातळ होत जातं. निळ्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तो आधी माघार घेतो आणि टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून आणि दुसऱ्या टोकाकडूनही वीज द्यायची. आमच्या वायरमननी हे सगळं नीट केलं. माळा चार भागांत जोडल्या, जॉइंट पाण्यापासून झाकले, अर्थिंग केलं. परतीचा पाऊस दिवाळीतही येतो हे ते विसरले नाहीत. कारागिरीत मला खोट काढता येणार नाही.

खोट आहे ती प्रयोगात.

पहिल्या रात्री आम्ही खाली जमलो, नारळ फोडला, बटण दाबलं. पहिल्या पाच मिनिटांत त्या झाडाने काय काय केलं, सांगतो. इंद्रधनुष्य गरगर फिरलं. लाल साप वरून खाली आला. निळा पाऊस पडला. तिरंगा झाला. मग गणपती आला, म्हणजे केशरी गोळा आला आणि कार्यकर्त्यांनी सांगितलं की हा गणपती. (हशा) मग "शुभ दीपावली" ही अक्षरं झाडाभोवती फिरली. शेवटी ज्यांनी सर्वांत मोठी देणगी दिली त्यांचं नाव फिरलं. आणि पुन्हा इंद्रधनुष्य.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तिसऱ्या दिवशी मात्र कुणी मान वर करून बघत नव्हतं. दिवाळी अजून संपलीही नव्हती. आपल्याला तो प्रश्न पडला पाहिजे. आठशे दिवे, एकेका दिव्याला एक कोटी सदुसष्ट लाख रंग, सेकंदाला चाळीस रूपं, आणि तीन दिवसांत कंटाळा. का?

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, झाडाला पडदा समजलं गेलं. सोळा उभ्या ओळी म्हणजे चित्रासाठी जवळजवळ काहीच नाही. त्यातल्या निम्म्या तर पलीकडच्या बाजूला, एका वेळी आपल्याला दिसतात आठ. कोपर स्टेशनवरचा इंडिकेटर घ्या. तो सपाट आहे, त्यावरचे ठिपके दाट आहेत, म्हणून त्यावर मराठी वाचता येतं. इथे खाली दोन माळांत वीतभर अंतर आणि वर टोकाला सगळ्या एकत्र. देवनागरीची शिरोरेषा सरळ राहात नाही, वेलांट्या वर जाऊन चेंगरतात. "शुभ"चा "भ" आम्ही रोज शोधायचो. चांगलं झाड मोडून त्याचा वाईट टीव्ही केला, असं ते झालं.

दुसरं कारण वेग. सेकंदाला चाळीस वेळा बदलता येतं म्हणून चाळीस वेळा बदलायचंच, असा काही नियम नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये तयार इफेक्टची यादी असते, आणि यादी समोर असली की माणूस सगळं ताटात वाढून घेतो. मला वाटायचं हा आपल्याच काळाचा रोग आहे. तर तसंही नाही. डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरात विजेच्या दिव्यांचं पहिलं नाताळचं झाड केलं. लाल, पांढरे, निळे मिळून ऐंशी दिवे. आणि ते झाड विजेवर गरगर फिरत होतं, फिरता फिरता दिवे लागत-विझत होते. विजेचं पहिलं झाडसुद्धा स्थिर उभं राहू शकलं नाही! ही जुनी हौस आहे, तिला एकट्या आमच्या कार्यकर्त्यांना जबाबदार धरू नये.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे दिवे मंद व्हायला फार नाखूश असतात. प्रत्येक रंगाला शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत पायऱ्या. वरच्या टोकाला दोनशे चाळीस काय आणि दोनशे पन्नास काय, डोळ्याला फरक कळत नाही. तळाशी मात्र एक आणि दोन यांत दुपटीचा फरक, तो डोळ्याला धक्का देतो. शिवाय आकडा अर्ध्यावर आणला तरी डोळ्याला उजेड पाऊणइतका वाटतो. हे दुरुस्त करायचं गणित असतं, त्याला गॅमा म्हणतात, आणि घाईत केलेल्या कामात ते राहून जातं. मग दिवा विझताना पणतीसारखा विझत नाही, जिना उतरल्यासारखा धप् धप् उतरतो. थोडक्यात, या यंत्राला भडक होणं सोपं आणि हळुवार होणं अवघड. म्हणून करणाऱ्याचं कसब बघायचं तर मंद उजेडात बघा. गायकाचा आवाज खालच्या सुरात कळतो, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे मोजायला पट्टी कोणती? पट्टी आपल्याकडे आहे, दगडात उभी आहे. दीपमाळ.

दिव्यांचं झाड ही कल्पना आपल्याला नाताळबरोबर आली, असं कुणी समजू नये. जेजुरीला पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना किती दीपमाळा लागतात ते आठवा. त्यातल्या कितीतरी कुणा ना कुणाच्या नवसाच्या. घाटावरची दीपमाळ काळ्या दगडाची, निमुळती, अंगातून दगडी हात बाहेर आलेले, एकेका हातावर दिवा. गोव्यात मंगेशीला जा, तिथली सात मजल्यांची, पांढरी, कमानी-कोनाड्यांची, युरोपीय वळणाचे खांब अंगावर घेतलेली. दोन्हींचा आकार तोच, खाली रुंद आणि वर निमुळता, आमच्या कोपरच्या शंकूसारखा. त्रिपुरारी पौर्णिमेला दीपमाळ पेटते तेव्हा कुणीतरी प्रत्यक्ष चढतं, एकेक वात लावतं. उजेड माणसाच्या वेगाने वर जातो. वारा एखादा दिवा विझवतो, तो पुन्हा लावावा लागतो. मुख्य म्हणजे दिवे आणि दिवे यांच्यामध्ये काळोख तसाच ठेवलेला असतो. तो काळोख नसेल तर दीपमाळ दिसणारच नाही.

पण थांबा, मी दीपमाळेची आरती करायला आलेलो नाही. दीपमाळ देवळाच्या आवारात उभी असे, आणि त्या आवारात कोण येऊ शकत होतं, कोण नाही, याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. कित्येकांच्या वाट्याला ती लांबून दिसण्यापुरतीच आली. रस्त्यावरच्या विजेच्या रोषणाईने निदान एवढं केलं की बघायला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा दीपमाळेकडून काळोख घ्यायचा, संथपणा घ्यायचा, पण ते कुंपण मात्र घ्यायचं नाही.

जगातही याची उदाहरणं आहेत. इटलीत गुब्बियो नावाचं गाव आहे. तिथे १९८१ पासून दर नाताळात डोंगराच्या उतारावर झाडाचा आकार मांडतात, साडेसहाशे मीटरपेक्षा उंच. कडेने हिरवे दिवे, आत रंगीत, टोकाला तारा. अवघे काही शे दिवे. ना साप, ना इंद्रधनुष्य. बाकीचा सगळा डोंगर काळा, म्हणून ते झाड कोसभर अंतरावरून दिसतं.

दुसरं उदाहरण अगदी उलट स्वभावाचं. मॅट पार्कर हा गणितावर बोलणारा माणूस. २०२० च्या नाताळात त्याने घरातल्या खऱ्या झाडावर पाचशे पिक्सेल दिवे वेडेवाकडे गुंडाळले. मग एकेक दिवा लावून कॅमेऱ्याने वेगवेगळ्या बाजूंनी टिपला आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी-उंचीतली जागा काढली. इथे पत्ता या शब्दाला खरा अर्थ आला. पंगतीतला नंबर कळला होताच, आता अवकाशातली जागाही कळली. झाडाचा पडदा न करता झाडाला झाड म्हणून ओळखून घेतलं. मला हा दृष्टिकोन फार आवडला.

आता परत कोपरला येऊ, कारण गोष्ट पहिल्या रात्रीवर संपली नाही.

आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याने बजावलंय. (हशा) त्याने डिसेंबरमध्ये सेक्रेटरींकडे तीन संध्याकाळी मागितल्या. कल्पना साधी होती. सोसायटीत बहात्तर घरं, तर आठशेपैकी बहात्तरच दिवे वापरायचे. घराला एक दिवा. कोणता, ते मजल्याप्रमाणे ठरवलेलं. तळमजल्याचे खाली, सातव्याचे वर. संध्याकाळी सात वाजता झाड पूर्ण काळं. आपण मोबाइलवरून आपल्या घराचा दिवा लावायचा. रंग एकच, मंद पिवळा, म्हणजे लाल भरपूर, हिरवा त्याच्या निम्मा, निळा नावापुरता. दिवा लागायला पूर्ण आठ सेकंद घेणार. गॅमा वगैरे त्याने नीट केला होता.

पहिल्या संध्याकाळी सातला झाड काळं झालं तेव्हा लोक म्हणाले, फ्यूज उडाला. मग दुसऱ्या मजल्यावरचा एक दिवा हळूहळू उमलला. मग चौथ्यावर एक. बायका गॅलरीतून ओरडून सांगायला लागल्या, "काकू, तुमचा लावा ना!" साडेसातपर्यंत चाळीसेक दिवे. बाकीचे नंतर, एकेक करत. कारण आपल्याकडची निम्मी माणसं त्या वेळी गाडीत लटकलेली असतात. रात्री अकरा चाळीसला एक दिवा लागला. कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, ते रोज त्याच गाडीने येतात. समीक्षक म्हणून सांगतो, त्या अकरा चाळीसच्या दिव्याइतकं नेमकं दृश्य त्या दीड महिन्यात दुसरं नव्हतं.

यात दोषही होते, ते लपवत नाही. बहात्तर दिवे वीस फुटांवर विरळ पडतात, पाठीमागचे दिसत नाहीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. ज्यांना मोबाइल जमत नाही अशा आजी-आजोबांचा दिवा दुसऱ्याने लावला. ते मला खटकलं. खाली एक साधं बटण ठेवायला हवं होतं.

आणि वाद झाला. दुसऱ्या रात्री दहा दिवे काळेच राहिले. नऊ घरं बंद होती, भाडेकरू नसलेली. दहावं घर उघडं होतं. त्या घरात सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला होता. आपल्याकडे त्या वर्षी सण करत नाहीत, फराळसुद्धा शेजारून येतो. कमिटीतल्या एकाचं म्हणणं, झाडाला भोकं दिसतात, आपण ते दहाही लावून टाकू, कुणाला कळणार आहे? त्यावर त्या घरातल्या वहिनी खाली आल्या. एरवी त्या मीटिंगला फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, "आमचा राहू दे तसाच. तिथे आमचं घर आहे, एवढं दिसतंय ना, पुरे."

तो दिवा तिन्ही रात्री काळा राहिला. बघणारा प्रत्येक जण तो काळा ठिपका कुठे आहे ते ओळखत होता.

त्या क्षणी मला या सगळ्या यंत्राचं मोल कळलं. प्रत्येक दिवा वेगळा लावता येतो, याची जाहिरात सगळे करतात. पण प्रत्येक दिवा वेगळा *न लावता* येतो, हे कुणी सांगत नाही. जुन्या तोरणाला ते जमणारं नव्हतं. तिथे एक गेला की सगळे जात, किंवा सगळेच लुकलुकत. इंद्रधनुष्यवाल्या कार्यक्रमात त्या घराला दोनच पर्याय होते, सगळ्यांच्या आनंदात बळजबरीने सामील व्हा, नाहीतर खिडकी लावून घ्या. इथे तिसरा पर्याय मिळाला. झाडावर जागाही राहिली आणि दुःखही राहिलं. पणत्यांच्या ओळीत हे आपल्याला कायम करता येत होतं. मध्ये लाखो रंगांच्या नादात हरवलं होतं, ते त्या मुलाने आठशेपैकी सातशे अठ्ठावीस दिवे बंद ठेवून परत आणलं.

शेवटचा मुद्दा, थोडा कडू. आपण लोखंडी झाड उभं केलं हे उत्तम केलं. कारण ठाण्यात, मुंबईत, मीरा-भाईंदरला जिवंत झाडांना माळा गुंडाळण्याची साथ आली होती. खोडाला करकचून आवळलेल्या वायरी, खिळे, आणि वर्षभर चालू राहणारे दिवे. २०२४ मध्ये त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. झाडाला रात्र लागते, त्यावर झोपणाऱ्या पक्ष्यांना लागते, हे न्यायालयात जाऊन सांगायची वेळ यावी, ही आपल्या रसिकतेवरची टीकाच आहे. आणि रात्र आपल्यालाही लागते. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या मंडळींनी दीड महिना पडद्यावर निळा पाऊस पाहिला, झोप लागेपर्यंत. त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

तर यंदा तुमच्याकडे असं झाड होणार असेल, तर माझी मागणी एवढीच. अक्षरं आणि नावं फलकावर लिहा, झाडावर नको. उजेड आधी चौथाईवर आणा, मग बघा कमी पडतो का. रात्री दहाला बंद करा. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा की झाड सात वाजता काळं असेल आणि लोक ते लावतील, ज्यांना लावायचं आहे ते.

वेळ संपत आलीय. प्रश्न जरूर विचारा. वायरिंगचे मात्र मला नको, तिसऱ्या रांगेत तो मुलगा बसलाय, त्याला विचारा. (हशा)